केसपेपरवर न विचारलेला प्रश्न

एप्रिल १९७१ मध्ये बोस्टनच्या आर्थर हर्ब्स्ट आणि सहकाऱ्यांनी योनिमार्गाच्या कर्करोगाच्या ८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्या १५ ते २२ वर्षांच्या. या वयात हा आजार जवळजवळ पाहण्यातच नव्हता. धागा सापडला तो एका रुग्ण मुलीच्या आईमुळे: गरोदरपणी घेतलेल्या गोळ्यांचा तर हा परिणाम नसेल ना, अशी शंका तिनेच डॉक्टरांकडे काढली. चौकशीअंती आठांपैकी सात जणींच्या आयांनी गर्भ टिकावा म्हणून डीईएस हे कृत्रिम इस्ट्रोजेन घेतल्याचे निघाले. त्याने गर्भपात टळत नाही, हे शिकागोतल्या चाचणीने १९५३ मध्येच दाखवले होते. तरी पुढची १८ वर्षे ते लिहून दिले जात राहिले. डीईएस घेतलेल्या आयांच्या लेकींमध्ये पुढे टी-आकाराचे गर्भाशय, गर्भनलिकेतली गर्भधारणा, अकाली प्रसूती दिसली. मुलग्यांमध्ये न उतरलेले वृषण.

आपण औषधांबाबत सावध झालो, पण न लिहून दिलेल्या रसायनांबाबत नाही. मुलग्याच्या जननेंद्रियांची घडण गरोदरपणाच्या साधारण ८ ते १४ आठवड्यांत टेस्टोस्टेरॉनच्या हुकमावर ठरते. तेव्हा हा हुकूम क्षीण झाला, तर उणीव नंतर भरून निघत नाही. ज्यांच्या आईच्या लघवीत थॅलेट या प्लॅस्टिक मऊ करणाऱ्या रसायनाचे अंश जास्त, त्या मुलग्यांचे गुदद्वार ते जननेंद्रिय अंतर कमी, हे संशोधक शॅना स्वान यांनी २००५ मध्ये नोंदवले. यावरून एखाद्या बाळाचे भाकीत करता येणार नाही, हे खरे. पण पक्क्या पुराव्यासाठी थांबायचे म्हणजे ती मुले मोठी होईपर्यंत थांबायचे, आणि ते मला मान्य नाही.

आपल्याकडे याहून उघड धोका आहे. मुलगा व्हावा म्हणून दिल्या जाणाऱ्या पुड्या दीड-दोन महिन्यांच्या गरोदरपणी, म्हणजे नेमक्या याच काळाच्या तोंडावर घेतल्या जातात. हरियाणातल्या अशा औषधांच्या तपासणीत वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन आणि काही नमुन्यांत टेस्टोस्टेरॉनही सापडले. हायपोस्पेडियासचे बाळ पाहिल्यावर आपल्यापैकी किती डॉक्टर आईला या पुडीबद्दल विचारतात?

विचारताना सासूबाईंना बाहेर बसवा. "ताई, घरच्यांनी काही पुडी, काढा दिलाय का? मी रागावणार नाही," एवढे म्हटले तरी पुष्कळ जणी बोलतात. शेतावर जाणारीला फवारणीचे, कारखान्यात जाणारीला तिथल्या द्रावणांचे विचारा. गरम जेवण प्लॅस्टिकच्या डब्यात भरू नका, फवारणीच्या दिवशी शेतात जाऊ नका, हे सांगायला दोन मिनिटे लागतात. मात्र नावनोंदणीला गरोदर बाई चौथ्या महिन्यात आली, तर हा सल्ला उशिरा पोचतो. म्हणून वंध्यत्वाच्या तपासणीत, पहिल्या बाळाच्या लसीकरणाला, लग्नानंतरच्या पहिल्या भेटीतच हे बोलायला हवे. आपल्या केसपेपरवर "पुडी, फवारणी, द्रावणे" एवढी एक ओळ या महिन्यापासून छापून घ्या.