ज्वारीच्या दाण्याएवढा वॉशर आणि तुमच्या फोनच्या दुरुस्तीचे गुण

फोन घेताना आपण कॅमेरा, बॅटरी, रॅम, प्रोसेसर असं सगळं बघतो. आतले स्क्रू कोणत्या मापाचे आहेत, हे मात्र कुणीच विचारत नाही. पण पुढच्या काळात फोनच्या खोक्यावर जे एक नवीन रेटिंग दिसू शकतं, त्यात या स्क्रू-वॉशरलाही गुण असणार आहेत.

बातमी अशी आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी 'रिपेअरेबिलिटी इंडेक्स' कसा असावा, हे ठरवायला समिती नेमली होती. अतिरिक्त सचिव भरत खेरा तिचे अध्यक्ष. समितीने ३ मे २०२५ रोजी अहवाल दिला. फोन किती सहज दुरुस्त होतो, ते ग्राहकाला विकत घेतानाच कळावं, यासाठी दुकानात, ऑनलाइन साइटवर आणि खोक्यावरच्या क्यूआर कोडमध्ये हे रेटिंग दाखवावं, असं त्यात सुचवलंय. गुण देताना जे निकष धरायचे, त्यांत सुट्या भागांची उपलब्धता, दुरुस्तीची माहिती, सॉफ्टवेअर अपडेट यांच्यासोबत 'फास्टनर' हाही एक निकष आहे. फास्टनर म्हणजे वस्तू जोडून धरणारी प्रत्येक गोष्ट: स्क्रू, नट, वॉशर, क्लिप.

सोलापुरात राहणाऱ्या माणसाला हा विषय फार लांबचा नाही. यंत्रमागाच्या शेडपासून गॅरेजपर्यंत सगळीकडे वॉशर लागतो. गॅरेजमध्ये त्याला 'वायसर' म्हणतात. पण तिथला वायसर एम६, एम८, एम१० चा. लॅपटॉप, ड्रोन, रास्पबेरी पाय, चष्मा आणि फोन यांचं जग एम३ च्या खाली सुरू होतं, आणि तिथे नियम थोडे बदलतात. म्हणून आधी वॉशर समजून घेऊ, मग बातमीकडे वळू.

चपटा वॉशर नक्की करतो काय?

स्क्रू घट्ट केला की त्याचं डोकं खालच्या भागाला दाबतं. हा दाब जितक्या कमी जागेवर पडेल, तितकं प्लास्टिक चेपतं किंवा चिरतं. वॉशर तो दाब पसरवतो.

आकडेच बघा. एम२ मापाच्या गोल डोक्याच्या स्क्रूचं डोकं ४ मिमी रुंद असतं. खालचं भोक २.४ मिमीचं धरलं, तर दाब पडायला साधारण ८ चौरस मिमी जागा उरते. त्याखाली ५ मिमी व्यासाचा वॉशर ठेवला की तीच जागा सुमारे १५ चौरस मिमी होते. म्हणजे जवळपास दुप्पट. स्क्रू तोच, जोर तोच, पण प्लास्टिकवरचा ताण निम्म्यावर आला.

वॉशरची आणखी दोन कामं आहेत. स्क्रू फिरताना डोकं पृष्ठभाग घासत नाही, आणि दोन भागांमध्ये थोडं अंतर ठेवायचं असेल तर ते ठेवता येतं.

एक काम मात्र तो करत नाही. चपटा वॉशर स्क्रूला सैल होण्यापासून रोखत नाही. स्प्रिंग वॉशर रोखतो असं आपण ऐकत आलोय, पण नासाच्या १९९० च्या फास्टनर डिझाइन मॅन्युअलने तोही त्या कामासाठी निरुपयोगी ठरवलाय. कारण पूर्ण दाबला गेला की तो साध्या वॉशरसारखाच सपाट होतो.

मग फोनमध्ये वॉशर दिसत का नाही?

फोन उघडलेला बघितला असेल तर लक्षात आलं असेल, आत सुटे वॉशर जवळजवळ नसतातच. याचं कारण जागा. आयएसओ ७०८९ हे चपट्या वॉशरचं नेहमीचं मानक. त्यातलं सगळ्यात लहान माप एम१.६ चं: आतलं भोक १.७ मिमी, बाहेरचा व्यास ४ मिमी, जाडी ०.३ मिमी. म्हणजे आपल्या मालदांडी ज्वारीच्या दाण्याएवढा घेर. फोनमधले बरेच स्क्रू एम१.२ किंवा एम१.४ चे असतात. ते या यादीच्याही खाली आहेत.

म्हणून कंपन्या वॉशर स्क्रूच्या डोक्यातच घालतात. रुंद, पातळ, बिस्किटासारखं डोकं असलेला स्क्रू दिसला की समजा, वॉशरचं काम तेच डोकं करतंय. तो हरवला आणि त्याच आट्यांचा पण अरुंद डोक्याचा स्क्रू बसवला, तर तो बसतो, फिरतो, घट्टही होतो. पण काही महिन्यांनी खालचं प्लास्टिक चिरतं.

लांबीचं प्रकरण याहून वाईट. आयफोनच्या दुरुस्तीत 'लाँग स्क्रू डॅमेज' नावाचा बिघाड प्रसिद्ध आहे. शेजारच्या भोकातला थोडासा जास्त लांब स्क्रू चुकून इकडे लागला की तो बोर्डात घुसतो आणि आतले थर कापतो. फरक मिलिमीटरच्या काही दशांशांचा असतो. डोळ्याला तो दिसतही नाही.

लहान वॉशर निवडायचा कसा?

माझ्या मावसभावाच्या लॅपटॉपची बिजागरी गेल्या पावसाळ्यात उखडली. इंजिनिअरिंगचं शेवटचं वर्ष, प्रोजेक्ट तोंडावर. एका दुकानात त्याला सांगितलं, "पूर्ण बॉडी बदलावी लागेल." दुसऱ्या दुकानातले काका म्हणाले, "बॉडी कशाला बदलतोस बाळा, आरपार बोल्ट टाकून वायसर लावून देतो बघ." त्यांनी दिलं, आणि ते आठवडाभर टिकलं. वॉशर जाड होता, त्यामुळे स्क्रू खाली नीट पोचलाच नव्हता. नंतर त्याच काकांनी पातळ वॉशर शोधून परत बसवला. तो लॅपटॉप आजही चालू आहे.

इथे इलाज बरोबर होता, माप चुकलं होतं. म्हणून या गोष्टी तपासा:

• आतलं भोक: स्क्रूपेक्षा किंचितच मोठं हवं. एम२ ला २.२ मिमी, एम२.५ ला २.७, एम३ ला ३.२. भोक जास्त मोठं असेल तर वॉशर एका बाजूला सरकतो आणि दाब असमान पडतो.

• बाहेरचा व्यास: जागा असेल तर नेहमीचा घ्या: एम२ ला ५ मिमी, एम२.५ ला ६ मिमी, एम३ ला ७ मिमी. शेजारी भिंत किंवा सर्किटचा भाग असेल तर आयएसओ ७०९२ ची लहान मालिका बघा: एम२ ला ४.५, एम२.५ ला ५, एम३ ला ६ मिमी.

• जाडी: सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. एम२ च्या आट्यांमधलं अंतर ०.४ मिमी असतं. ०.३ मिमीचा वॉशर घातला की स्क्रू पाऊण फेरा कमी आत जातो. आधीच १.५ मिमी पकड असेल, तर पाचवा भाग पकड गेली. वॉशर वाढवला की स्क्रूची लांबीही पुन्हा मोजायची.

• धातू की नायलॉन: सर्किट बोर्डावर धातूचा वॉशर दोन रेषांना टेकला तर शॉर्ट होतो. रास्पबेरी पायची भोकं २.७ मिमीची, म्हणजे एम२.५ ची. तिथे नायलॉनचा वॉशर बरा. पण नायलॉन दाबाखाली आणि उन्हाळ्यात हळूहळू बसतो, पकड ढिली होते. सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर जातो, आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर त्याहून जास्त. तिथे नायलॉन टाळा.

• गंज आणि चुंबक: स्टेनलेस स्टील गंजत नाही, पण ॲल्युमिनियमला चिकटून असेल आणि घाम किंवा ओल लागली, तर ॲल्युमिनियम खराब होतं. कंपास सेन्सरजवळ साधं लोखंड नको, तिथे पितळ चालतं.

• धारदार बाजू: वॉशर पत्र्यातून ठोकून काढलेला असतो. त्याची एक कड गुळगुळीत, दुसरी किंचित धारदार. बोट फिरवलं तरी कळतं. गुळगुळीत बाजू प्लास्टिककडे ठेवा.

आणि तिरक्या, शंकूसारख्या डोक्याच्या स्क्रूखाली चपटा वॉशर लावूच नका. ते डोकं खोलगट भोकासाठी बनवलेलं असतं.

आता परत बातमीकडे

युरोपात हे रेटिंग २० जून २०२५ पासून प्रत्यक्षात आलंय. तिथे विकल्या जाणाऱ्या स्मार्टफोनच्या लेबलवर दुरुस्तीचा वर्ग ए ते ई असा छापावा लागतो. त्याचं गणित उघड आहे: फोन किती टप्प्यांत उघडतो याला २५ टक्के वजन, आणि फास्टनर, अवजारं, सुटे भाग, माहिती, सॉफ्टवेअर अपडेट यांना प्रत्येकी १५ टक्के. फास्टनर आणि अवजारं एकत्र धरली तर ३० टक्के होतात. म्हणजे स्क्रू कसला आणि तो कशाने उघडतो, यावर जवळपास एक तृतीयांश निकाल ठरतो.

हे वजन उगाच दिलेलं नाही. ॲपलने २०११ च्या सुमारास आयफोन ४ मध्ये पाच पाकळ्यांचे स्क्रू आणले, तेव्हा घरातला कुठलाच स्क्रू ड्रायव्हर त्यांना लागत नव्हता. याउलट फेअरफोन साध्या फिलिप्स स्क्रूने उघडतो. दोन्ही स्क्रू फोन सारखाच धरून ठेवतात. फोन कोण उघडू शकतं, एवढाच फरक.

युरोपच्या नियमात एक पळवाटही आहे. फास्टनर पुन्हा वापरता येत नसेल, पण कंपनी सुट्या भागासोबत नवीन देत असेल, तरी काही गुण मिळतात. तिथे ते चालून जातं, कारण महत्त्वाचे सुटे भाग ५ ते १० कामाच्या दिवसांत पोचवायचं आणि मॉडेल बंद झाल्यावरही ७ वर्षं पुरवायचं बंधन आहे. आपल्याकडे असं बंधन नसताना नुसते 'नवीन स्क्रू मिळतील' या आश्वासनाला गुण दिले, तर मुंबईतल्या सर्व्हिस सेंटरला ते मिळतील, आणि सोलापुरातल्या नवी पेठेतला रिपेअरवाला भंगार फोनमधलेच स्क्रू शोधत बसेल.

दुसरी बाजू उत्पादनाची. ३० जानेवारी २०२४ ला केंद्राने मोबाइलच्या काही भागांवरची आयात ड्यूटी १५ वरून १० टक्क्यांवर आणली. त्या यादीत कव्हर, लेन्स, सिम सॉकेट यांच्यासोबत 'स्क्रू' असा वेगळा उल्लेख आहे. फोन इथे जोडला जातो, पण त्याचे स्क्रू बाहेरून येतात, हे त्यातून कळतं. मार्च २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने २२,९१९ कोटींची इलेक्ट्रॉनिक घटक उत्पादन योजना मंजूर केली. चर्चा डिस्प्ले, कॅमेरा आणि सर्किट बोर्डाची होते, आणि ते योग्यच आहे. पण लहान फास्टनरसाठी अब्जावधींचा कारखाना लागत नाही. लागते ती मोजमापाची शिस्त. सोलापुरात मोटारींचे कॅमशाफ्ट बनवून परदेशी पाठवणारा प्रिसिजन कॅमशाफ्ट्ससारखा उद्योग उभा राहिलाय. मिलिमीटरच्या शंभराव्या भागात काम करणं या शहराला नवीन नाही.

माझं मत

समितीचा अहवाल म्हणजे शिफारस, कायदा नव्हे. पण तो कायदा होताना एक गोष्ट मला त्यात हवी आहे. गुणांसोबत प्रत्येक मॉडेलच्या स्क्रूचं माप, लांबी आणि डोक्याचा प्रकार कंपनीने जाहीर करावा. डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, ती यादी तिथेच टाकता येईल. कंपनीला याचा खर्च जवळपास शून्य, कारण ही माहिती तिच्याकडे असतेच. रिपेअरवाल्याचा अंदाज वाचेल आणि तुमचा बोर्ड.

तोवर तुमच्या हातात काय आहे? फोन किंवा लॅपटॉप दुरुस्तीला दिला की एकच प्रश्न विचारा: "काढलेले सगळे स्क्रू त्याच जागी बसतील ना?" चांगला कारागीर या प्रश्नावर चिडत नाही. तो तुम्हाला चुंबकाच्या पाटीवर किंवा चिकटपट्टीवर ओळीने मांडलेले स्क्रू दाखवतो. असा कारागीर सापडला की त्याचा नंबर सेव्ह करून ठेवा.