आठवडाभराचं घर

सुट्टीत परदेशी खेड्यातलं जुनं घर आठवडाभर भाड्याने घ्यायचं, बाजारहाट करायचा, आसपासच्या गढ्या आणि देवळं सावकाश पाहायची, अशी सहल आपल्याकडची अनेक कुटुंबं आखतात. मग चंद्रपूर-गडचिरोलीला आपण ताडोबाच्या दोन सफारींपुरतेच का जातो?

या अंकाचा विषय या प्रश्नातूनच सुचला. मुक्काम वाढला की हा मुलूख उलगडतो. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाला जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे आहेत. अंचलेश्वराजवळ गोंड राजांच्या समाध्या. भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी. चामोर्शी तालुक्यात मार्कंड्याला वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि तिच्या काठावरची शिल्पं पाहायला एक सकाळ अपुरी पडते. दिवाळीनंतर गेलात तर रात्र झाडीपट्टीच्या नाटकासाठी राखून ठेवा. प्रयोग पहाटेपर्यंत चालतो, म्हणून दुसऱ्या दिवशी काहीच ठरवू नका!

ताडोबाचा गाभा पावसाळ्यात बंद असतो, हे ध्यानात ठेवूनच तारखा धरा. आणि घर शक्यतो गावातल्या माणसाचं घ्या. जेवणाचे, वाटाड्याचे पैसे गावातच राहावेत, असा आमचा आग्रह आहे. एकट्याने जंगलात शिरू नका. इथे वाघ गावाच्या शिवेवरच असतो आणि मोहफुलं वेचायला जाणाऱ्या बायका ती जोखीम रोज घेतात.

आत मुक्कामाची, वाटांची, ऋतूंची माहिती आहे. तुम्ही तिथे राहिला असाल, किंवा तिथलेच असाल, तर आमचं काय सुटलं ते जरूर लिहा.