६३ डॉलर पगार, ५६ वर्षं एकच जागा: एडी रॉबिन्सनकडून काय घ्यायचं आणि काय नाही

मागच्या व्हिडिओखाली सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा होता: "सर, सहा महिने झाले, धंद्यात काही दिसत नाही. लाइन बदलू का?" व्हिडिओत मी थोडक्यात उत्तर दिलं, पण मनासारखं झालं नाही. म्हणून आज एका कोचची गोष्ट सांगतो. फुटबॉल अमेरिकन आहे, म्हणजे हातात बॉल घेऊन पळायचा तो. नियम माहीत नसले तरी चालतील, मलाही सगळे कळत नाहीत.

एडी रॉबिन्सन. जन्म १९१९, अमेरिकेतलं लुइझियाना राज्य. वडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करायचे, आई लोकांच्या घरी काम करायची. पोरगा लेलंड कॉलेजच्या टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे खेळ चालवणारा मुख्य खेळाडू. डिग्री मिळाली आणि काम कुठे मिळालं? जनावरांचं खाद्य दळणाऱ्या गिरणीत, तासाला २५ सेंट. कारण सरळ होतं. तो काळा होता आणि गोऱ्यांच्या कॉलेजात त्याला कोच म्हणून कोणी उभंही केलं नसतं.

१९४१ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, ग्रॅम्बलिंग गावातल्या कृष्णवर्णीयांच्या एका छोट्या कॉलेजात जागा मिळाली. पगार महिन्याला ६३ डॉलर ७५ सेंट. पद कोचचं, पण काम? मैदानाचं गवत कापणं, चुन्याच्या रेषा मारणं, बाहेरगावी जाताना पोरांसाठी सँडविच बनवणं, कारण वाटेतल्या हॉटेलात काळ्या मुलांना बसू देत नसत. मॅच संपली की पेपरसाठी बातमीसुद्धा स्वतःच लिहायची.

आता तुमच्या प्रश्नाकडे येऊ. पहिल्या सीझनमध्ये ही टीम ३ मॅच जिंकली, ५ हरली. दुसऱ्या सीझनमध्ये नऊच्या नऊ जिंकली, आणि समोरच्यांना वर्षभरात एकही पॉइंट करू दिला नाही! पण ऐका, लगेच टाळ्या वाजवू नका. पुढची दोन वर्षं महायुद्धामुळे टीमच बंद. चालू धंद्याला कुलूप. त्या काळात हा माणूस गावातल्या हायस्कूलच्या मुलांना शिकवत राहिला. दुकान बंद होतं, हात बंद नव्हते.

एक प्रसंग मला फार आवडतो. दोन चांगल्या खेळाडूंना कापूस वेचायला घरी थांबवून घेतलं होतं. रॉबिन्सन चिडला नाही, पालकांना भाषण दिलं नाही. अख्खी टीम घेऊन शेतात गेला आणि कापूस वेचून दिला. मगच पोरं खेळायला आली. तुमचा कारागीर वारंवार दांडी मारतो ना? पगार कापण्याआधी एकदा त्याच्या घरची अडचण बघून या. मी स्वतः सुरुवातीला उलटं केलं होतं. एक उत्तम माणूस दोन सुट्ट्यांवरून घालवला, आणि त्याच्या तोडीचा मिळायला दीड वर्ष गेलं.

१९४९ मध्ये त्याचा टँक यंगर लॉस एंजेलिस रॅम्सकडून खेळायला गेला. कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून एनएफएलमध्ये गेलेला तो पहिला. पुढे दोनशेहून जास्त पोरं व्यावसायिक फुटबॉलमध्ये पोचली. त्यातला डग विल्यम्स १९८८ च्या सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. स्वतः रॉबिन्सनही शिकत होता, कोचिंग सांभाळून १९५४ मध्ये आयोवा विद्यापीठाची मास्टर्स डिग्री घेतली. १९८५ मध्ये ३२४ वा विजय मिळवून त्याने बेअर ब्रायंटचा विक्रम मोडला. शेवटचा आकडा ४०८.

आता माझं मत, काहींना पटणार नाही. "एकाच जागी टिकून राहा" हा सल्ला यातून सरसकट काढू नका. रॉबिन्सन ग्रॅम्बलिंगला राहिला त्यात निष्ठा होती, पण सुरुवातीला त्याला दुसरं दारच उघडं नव्हतं. तुम्हाला दारं आहेत. मालाला गिऱ्हाईकच नसेल तर चिकटून बसणं म्हणजे चिकाटी नव्हे. सहा महिन्यांनी गल्ला किती भरला एवढंच बघू नका. तेच गिऱ्हाईक परत येतंय का? माल सुधारतोय का? तुमच्या हाताखालचा माणूस तुमच्याशिवाय एक दिवस काम काढू शकतो का? तिन्हीला "नाही" असेल तर बदला. एकालाही "हो" असेल तर अजून एक सीझन द्या. तीन-पाचवाला माणूस पुढच्याच वर्षी नऊ-शून्य झाला होता.

आणि शेवटाचं कोणी बोलत नाही. १९९५ ते ९७ या तिन्ही सीझनमध्ये त्याची टीम जिंकण्यापेक्षा जास्त हरली, शेवटच्या दोन्हीत ३ विजय आणि ८ पराभव. वय ७८. एवढी माणसं घडवणाऱ्याने खुर्ची दोन-तीन वर्षं आधी सोडायला हवी होती, असं मला वाटतं. त्याच्यानंतर कोच कोण झालं माहितीये? त्याचाच डग विल्यम्स. माणूस तयार होता.

तुमच्याकडे असा कोण आहे? नाव नको, फक्त तो काय काम करतो ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्यावरच बोलू.