‘पीटी वाढलेली’ ही नोंद नव्हे

कुरआनातील सर्वांत मोठी आयत (सूरह बकरा, २८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहा; ज्याला लिहिता येते त्याने नकार देऊ नये. पैशासाठी एवढी ताकीद, आणि यकृताच्या कॅन्सरच्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘पीटी वाढलेली’ एवढे दोन शब्द! वस्तीतले लोक अशी कार्डे माझ्याकडे वाचून घ्यायला आणतात. पीटी किती वाढली, कधी तपासली, कुठल्या लॅबमध्ये, काहीच नसते. याला नोंद म्हणायला मी तयार नाही.

पीटी म्हणजे प्रोथ्रॉम्बिन टाइम. तपासणीत रक्त गोठायला किती सेकंद लागतात ते त्यात मोजतात. रक्त गोठवणारे बहुतेक घटक यकृतात तयार होतात, म्हणून यकृत थकले की पीटी वाढते. पण नुसते सेकंद लिहूनही भागत नाही. लॅबचे रसायन बदलले की त्याच रक्ताचे सेकंद बदलतात. हा गोंधळ आवरण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८३ मध्ये ‘आयएनआर’ हे प्रमाण स्वीकारले. तेही वॉरफॅरिन घेणाऱ्या रुग्णांवरून बसवलेले. यकृताच्या आजारात तो आकडाही लॅबनुसार थोडा हलतो. म्हणून आयएनआरसोबत लॅबचे नावही हवेच.

हा आकडा शोभेचा नाही. बिलिरुबिन, अल्ब्युमिन, पोटातले पाणी, शुद्धीची अवस्था आणि आयएनआर या पाच गोष्टींवरून ‘चाइल्ड-प्यू’ गुण काढतात. आयएनआर १.७ पेक्षा कमी असेल तर १ गुण, २.३ पेक्षा जास्त असेल तर ३. एकूण ६ गुणांपर्यंत ‘ए’ गट, ७ झाले की ‘बी’. गाठ तीच असली तरी कोणते उपचार झेपतील, हे या गटावर ठरते. एका गुणाने रुग्णाची वाट बदलू शकते.

आणखी एक गोष्ट सर्रास गाळली जाते. आदल्या दिवशी प्लाझ्मा चढवला असेल, तर आकडा तात्पुरता सुधारतो. ते लिहिले नाही, तर पुढच्या डॉक्टरला यकृतच सुधारल्यासारखे वाटेल. व्हिटॅमिन के दिले असेल आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर तेही लिहायला हवे.

‘डॉक्टरांना वेळ नसतो’ हे उत्तर मला पटत नाही. आकडा लॅबच्या कागदावर तयार असतो. तो उतरवायला अर्धा मिनिट लागतो. ‘नातेवाइकांना कळत नाही’ हे तर त्याहून पोकळ. आपल्याकडची न शिकलेली आजीसुद्धा स्वतःच्या साखरेचा आकडा तोंडपाठ सांगते. आणि तिला नाही कळला, तरी मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात फाइल उघडणाऱ्या डॉक्टरला तो कळतोच.

म्हणून कार्ड हातात पडले की काउंटरवरच विचारा: आयएनआर किती, तारीख कोणती, लॅब कुठली, आधी काय दिले होते? उत्तर तोंडी घेऊ नका. लिहून घ्या.