आषाढातले आकडे

आमच्या अनगोळात पावसाळा जवळ आल्याची खूण दोन ठिकाणी दिसते. एक म्हणजे घरांच्या गर्दीतून उरलेल्या शिवारात भाताची लगबग सुरू होते. आणि दुसरी, शेजारच्या उद्यमबागेतील ओतशाळांच्या मालकांच्या कपाळावर आठ्या पडू लागतात. पहिली खूण मी लहानपणापासून ओळखते. दुसरीचा अर्थ मात्र साठी उलटल्यावर कळला, आणि तोही एका अर्जामुळे.

शाळेत तीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेल्या बाईकडे गल्लीतली माणसे कशाकशासाठी येतात, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. लग्नपत्रिकेचा मजकूर, मंडळाचा अहवाल, कोणाच्या निरोपसमारंभाचे मानपत्र. असाच माझा एक जुना विद्यार्थी आला. उद्यमबागेत त्याची छोटीशी ओतशाळा आहे. तीसएक माणसे कामाला. काखेत लॅपटॉप आणि चेहऱ्यावर परीक्षेच्या आदल्या दिवसाचा भाव.

"बाई, एका उद्योग-पुरस्काराचा अर्ज भरायचाय. काम केलेलं सगळं हाय, लिहायचं तेवढं जमंना. तुम्हीच लिहून द्या की."

अर्ज पुढे इंग्रजीत जाणार होता. पण आधी मराठीत नीट मांडू, मग भाषांतर करू, असे ठरले. त्याच्या दृष्टीने हा केवळ हौसेचा मामला नव्हता. पुरस्कार मिळाला तर एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या पुरवठादारांच्या यादीत नाव जाण्याची आशा होती, आणि वाळूच्या नव्या शेडसाठी काढलेले कर्ज अजून फिटायचे होते.

मी उत्साहाने चार पाने लिहिली. 'अथक परिश्रम', 'गुणवत्तेचा ध्यास', 'दूरदृष्टीचे नेतृत्व' असे शब्द त्यांत मुबलक होते. तो खूष झाला. दुसऱ्या दिवशी मजकूर वाचून दाखवायला मी कारखान्यात गेले. तेथे सगळे ज्यांना मामा म्हणतात असे एक वयस्क साचेकार आहेत. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले,

"लई चांगलं लिवलंय बाई. खरं, ह्यात आमचा कारखाना कुठला त्ये कळंना. ह्ये कुठल्याबी कारखान्याला लागतंय की."

आयुष्यभर मुलांच्या निबंधांवर जो शेरा मी मारत आले, तोच माझ्या निबंधावर बसला. ती चार पाने मी तेथेच बाजूला ठेवली आणि विद्यार्थ्याला म्हटले, "आता तू मला शिकव. गेल्या दोन वर्षांत या छपराखाली खरोखर काय बदलले?"

त्याने जे सांगितले ते असे. बिडाचे भाग ओततात ते ओल्या वाळूच्या साच्यात. वाळूत चिकणमातीबरोबर शेकडा तीन-चार भाग पाणी असावे लागते. त्याहून कमी झाले तर साचा ढासळतो. जास्त झाले तर सुमारे १४०० अंश सेल्सिअस तापलेला रस साच्यात पडताच पाण्याची वाफ होते. ती बाहेर पडू शकली नाही तर लोखंडाच्या पोटात पोकळ्या राहतात. वरून नग निर्दोष दिसतो. लेथवर चढवून कापल्यावर पोकळी उघडी पडते, म्हणजे ओतण्याची मेहनत गेली, कापण्याचीही गेली. विजेच्या भट्टीत एक टन बीड वितळवायला भट्टीच्या प्रकारानुसार ६०० युनिटांच्या आसपास वीज लागते. बाद नग पुन्हा वितळवायचा म्हणजे ती वीज दुसऱ्यांदा जाळायची. पावसाळ्यात उघड्यावरची वाळू ओल धरते आणि बाद माल वाढतो. मालकांच्या आठ्यांचे कारण हे!

या ओतशाळेने वाळूवर पक्के छप्पर घातले, ओल मोजण्याचे उपकरण घेतले आणि प्रत्येक पाळीला मोजमाप लिहून ठेवण्याचा नेम केला. "त्यामुळं शंभरात अकरा नग बाद जात होते, ते पाचावर आले, बाई!" (आकडे मी ओळख पटू नये इतके बदलले आहेत; त्यांची आपसातील गोष्ट मात्र घडली तशीच आहे.)

मला वाटले, झाले काम. अकराचे पाच! याहून ठसठशीत वाक्य ते कोणते? तेवढ्यात मामांनी कपाटातून आपली वही काढली. तेलाच्या बोटांनी काळवंडलेली, कोपरे दुमडलेली. त्यांनी दोन पाने उघडून समोर ठेवली. अकरा हा आकडा आदल्या वर्षीच्या जुलैचा होता. पाच हा यंदाच्या फेब्रुवारीचा. मग मी विचारले, आदल्या फेब्रुवारीत किती होते? सात. आणि छप्पर घातल्यानंतरच्या जुलैत? आठ.

विद्यार्थ्याचा चेहरा उतरला. काही वेळाने तो हळूच म्हणाला, "बाई, अकरा खरं हाय, पाचबी खरं हाय. मग मी खोटं कुठं लिहायलोय?"

वाचकहो, प्रश्न साधा नव्हता. दोन्ही आकडे खरे होते आणि वाक्य मात्र खोटे होते. आषाढाची तुलना माघाशी केली की घट दिसते, त्यातला मोठा वाटा छपराचा नसून ऋतूचा असतो. हे परीक्षकाला कळले असते का? कदाचित नसते कळले. पण मामांना कळले होते, आणि तो मजकूर मामांच्या समोरच वाचला जाणार होता.

जगातील नामांकित पुरस्कारांकडे पाहिले तर या बाबतीत त्यांचे एकमत दिसते. जपानमध्ये १९५१ पासून दिल्या जाणाऱ्या डेमिंग पारितोषिकासाठी संस्थेला आपल्या कामाच्या पद्धतीचे तपशीलवार वर्णन लिहून द्यावे लागते, आणि परीक्षक प्रत्यक्ष येऊन ते ताडून पाहतात. भारतात ते पहिल्यांदा १९९८ मध्ये सुंदरम्-क्लेटनच्या ब्रेक विभागाला मिळाले. अमेरिकेच्या बाल्ड्रिज पुरस्काराचा कायदा १९८७ चा. तेथे अनेक वर्षे १००० गुणांपैकी ४५० गुण केवळ परिणामांना असत. त्या परिणामांविषयी परीक्षक प्रामुख्याने तीन गोष्टी विचारतात: आज पातळी कोणती, गेल्या काही वर्षांचा कल कोणता, आणि तुलना कोणाशी. आमच्या अर्जात पातळी होती, कल ऋतूने उसना दिलेला होता आणि तुलना नव्हतीच.

पण इतके दूर तरी कशाला जावे? अनगोळापासून हाकेच्या अंतरावरच्या टिळकवाडीची आठवण पुरे आहे. १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात करणारे किर्लोस्कर बंधू पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर बनवू लागले. लोखंडाने जमिनीला विष भिनते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षे लागली असे सांगतात. बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, तो इतिहास सर्वांना ठाऊक आहे. मला त्यातला तो संशयी शेतकरी महत्त्वाचा वाटतो. त्याच्यासारखा कडक परीक्षक दुसरा नाही. विशेषणांनी त्याचा संशय फिटणार नव्हता. नांगर त्याच्या मातीत चालायला हवा होता. अर्ज वाचणारा परीक्षकही असाच परका, घाईतला आणि थोडा संशयी माणूस असतो, आणि त्याच्यापुढे आपल्यासारखे पुष्कळ अर्ज पडलेले असतात.

मी विद्यार्थ्याला काही सांगितले नाही. अर्ज त्याचा, सही त्याची, कर्जही त्याचेच. दोन दिवसांनी त्याने स्वतःच लिहून आणलेले वाक्य असे होते: 'जुलैमध्ये शंभर नगांमागे ११ बाद जात, ते पुढील जुलैत ८ वर आले, फेब्रुवारीत ७ चे ५ झाले.' वाक्य ठसठशीत नव्हते, पण त्याला कोणत्याही बाजूने ढकलले तरी ते पडत नव्हते. "२७ टक्के घट" असेही लिहिता आले असते, कारण अकरातून तीन गेले की तेवढेच भरते. परंतु मूळ आकडे दिल्याशिवाय नुसता टक्का दिला की वाचणाऱ्याला आपण काहीतरी झाकतो आहोत असे वाटते. म्हणून आम्ही दोन्ही लिहिले, मूळ आकडे आधी.

त्यानंतर अर्ज भराभर पुढे सरकला. प्रश्नपत्रिका पुन्हा वाचली तेव्हा ध्यानात आले, की माझ्या पहिल्या चार पानांत विचारलेल्या निम्म्या प्रश्नांना उत्तरच नव्हते. ज्या कलमाला अधिक गुण त्याला अधिक जागा, हा परीक्षेतला नियम मी मुलांना शिकवीत असे. तो येथेही लागू पडला. कारखान्याचा इतिहास दोन ओळींत आटोपला. प्रत्येक विधानाखाली पुरावा जोडला: वहीच्या पानांची छायाचित्रे, वीजबिले, उपकरणाची पावती. गिऱ्हाइकाचे पत्र जोडण्यापूर्वी त्याची परवानगी घेतली, कारण दुसऱ्याचे नाव आणि दुसऱ्याची रेखाचित्रे ही आपली मालमत्ता नव्हे.

दोन ठिकाणी मात्र आमचा वाद झाला. पहिला अपयशाचा. उपकरण येण्यापूर्वी त्यांनी नुसत्या अंदाजाने पाणी कमी करून पाहिले होते. साचे ढासळले, वाळूचे कण नगांत गेले आणि महिनाभर बाद माल उलट वाढला. "हे कशाला सांगायचं?" असे त्याचे म्हणणे. मी म्हटले, उपकरण का घेतले हे त्याशिवाय कळणारच नाही. चूक, तिचे कारण आणि तिच्यावरचा उपाय हे तिन्ही आले म्हणजे सुधारणा योगायोगाने झाली नाही हे सिद्ध होते. तो परिच्छेद राहिला.

दुसरा वाद 'आम्ही' या शब्दाचा. 'आम्ही नोंदी ठेवू लागलो' या वाक्यातले 'आम्ही' म्हणजे कोण, असे मी विचारले. तो थोडा घुटमळला. वही मामांची होती. मालकाने सांगण्याआधी दोन वर्षे ते स्वतःच्या समाधानासाठी लिहीत आले होते. त्या वहीमुळेच आदल्या वर्षीचा जुलै आमच्या हाती लागला होता. अर्जात मामांचे नाव घातले. इंग्रजी मजकूर तयार झाल्यावर त्याचा मराठी अर्थ त्यांना वाचून दाखवला, तेव्हा ते इतकेच म्हणाले, "आता आमचाच हाय."

मध्यंतरी एक गंमत झाली. आणखी एका पुरस्कारासाठी आपली निवड झाली आहे, फक्त समारंभाचे शुल्क भरा, असा विद्यार्थ्याला फोन आला. त्याने अर्जच केला नव्हता! जेथे कोणी काही विचारत नाही, काही तपासत नाही आणि आधी पैसे मागते, तेथे पुरस्कार मिळत नसतो. स्मृतिचिन्ह विकत मिळते. वाचकांनी आपल्या घरातील होतकरू मुलांना हे अवश्य सांगावे.

पुढे खऱ्या पुरस्काराचे परीक्षक पाहणीला आले. त्यांतल्या एकाने वही मागितली, जुलैची पाने शोधली आणि मामांना कन्नडमध्ये विचारले, की ओल वाढली तर काय करता? मामांनी आपल्या मराठमोळ्या कन्नडमध्ये उत्तर दिले आणि वाळूची मूठ दाबून, मोडून दाखवली. मालकाला कोणी फारसे विचारले नाही.

पुरस्कार दुसऱ्याला मिळाला. परीक्षकांच्या अभिप्रायात नोंदींविषयी चांगले शब्द होते, आणि उणीव दाखवली होती ती तुलनेची: इतर ओतशाळांत बाद मालाचे प्रमाण काय, हे तुम्ही पाहिलेले नाही. विद्यार्थी दोन दिवस गप्प होता. कर्जाचा हप्ता त्याही महिन्यात भरावा लागला, आणि त्या मोठ्या गिऱ्हाइकाच्या यादीत त्याचे नाव अद्याप आलेले नाही. हे सगळे मी गोड करून सांगणार नाही. परंतु त्यानंतर त्याने उद्यमबागेतल्या तीन परिचितांना गाठले, आणि आता महिन्याच्या शेवटी चौघेही आपापला आकडा एकमेकांना सांगतात. पूर्वी अशी गोष्ट कोणी शेजाऱ्याला सांगत नसे.

इंदूर असो, बडोदे असो वा हैदराबाद, आपल्या घरी कोणी ना कोणी असा अर्ज घेऊन येईल. कारखान्याचा नसेल तर बचत गटाचा, शाळेचा, पापड-लोणच्याच्या उद्योगाचा. त्याला शब्द देण्यापूर्वी वही मागा. वही नसेल तर यंदाचा अर्ज राहू द्या आणि आजपासून वही सुरू करायला सांगा. पुढल्या आषाढाची तुलना करायला हा आषाढ कोठेतरी लिहिलेला असला पाहिजे.