चिनी माणसाच्या धर्माचा निर्णय कोणाचा?

चीनमधल्या ख्रिस्ती मिशनऱ्यांचा विषय निघाला की आपल्यातले मित्र लगेच दोन तटांत विभागले जातात. एक म्हणतो, मिशनरी म्हणजे साम्राज्यवादाचे दलाल. दुसरा म्हणतो, गोरगरिबांना शाळा आणि दवाखाने त्यांनीच दिले. दोघांकडे पुरावे आहेत. पण दोघांच्याही बोलण्यात खुद्द चिनी माणूस कुठेच नसतो, हा माझा आक्षेप आहे.

पहिल्याचं म्हणणं खोटं नाही. १८३० च्या दशकात कार्ल गुत्सलाफ हा प्रचारक अफूच्या जहाजावर दुभाषा म्हणून चीनच्या किनाऱ्याने फिरला. एकीकडे अफू विकली जात होती, दुसरीकडे हा ख्रिस्ती पुस्तिका वाटत होता. (माळव्याची अफू तेव्हा मुंबई बंदरातून चीनला जायची. मुंबईतल्या काही शेठजींची श्रीमंती त्यातलीच, म्हणून नुसत्या गोऱ्यांना शिव्या देऊन आपण मोकळे होत नाही.) १८५८ च्या तिआनजिन तहाने मिशनऱ्यांना देशाच्या आत शिरायची मुभा मिळाली, तीही तोफांच्या जोरावर.

१८६५ मध्ये ‘चायना इनलँड मिशन’ काढणारा हडसन टेलर यातला नव्हता. तो चिनी कपडे घालायचा, वेणी ठेवायचा, अफूला विरोध करायचा. १९०० च्या बॉक्सर उठावात त्याच्या मिशनची ५८ माणसं आणि २१ मुलं मारली गेली, तरी त्याने नुकसानभरपाई नाकारली. त्याच्या प्रामाणिकपणावर मला शंका नाही. पण त्याचा हिशोब बघा: दर महिन्याला दहा लाख चिनी देवाविना मरताहेत. कन्फ्यूशियस, बुद्ध, सगळे अंधारात जमा! आजच्या इव्हँजेलिकल नकाशांवरही ‘न पोहोचलेले लोक’ अशीच नोंद असते. आपण पोहोचणारे, ते पोहोचायचे राहिलेले.

आता दुसरी बाजू. १९०४ मध्ये नैऋत्य चीनमधले मियाओ लोक स्वतः डोंगर तुडवत झाओतोंगला सॅम्युअल पोलार्ड या मिशनऱ्याकडे आले. हे यी जमीनदारांची कुळं म्हणून राबणारे लोक. त्यांच्या भाषेला लिपी नव्हती. पोलार्डने ती तयार केली, शिमेनकानला शाळा उभी राहिली. मिशनकडे जाणाऱ्या मियाओंना जमीनदारांनी मारहाण केली, तरी ते गेले. यांना ‘तांदळासाठी बाटलेले’ म्हणणाऱ्याने एकदा आरशात बघावं. हीच भाषा आपल्या आजोबा-पणजोबांबद्दल कोण वापरत होतं?

बाबासाहेबांनी भारतातल्या मिशनऱ्यांवर लिहिताना धर्मांतराच्या हक्काला हात लावला नाही. धर्मांतरानंतर माणसाची जात गेली का, मिशनच्या शाळा-कॉलेजांचा फायदा नेमका कोणाला झाला, हे त्यांनी विचारलं. चीनच्या बाबतीतही मोजमाप हेच हवं.

परदेशी मिशनरी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला चीनमधून बाहेर काढले गेले. सांस्कृतिक क्रांतीत चर्चना कुलपं लागली. १९४९ मध्ये प्रोटेस्टंट जेमतेम दहा लाखांच्या आसपास होते. सरकारच्याच २०१८ च्या श्वेतपत्रिकेत ते ३ कोटी ८० लाख आहेत. ही वाढ गोऱ्या माणसाशिवाय झाली. चिनी शेतकरी बायकांनी, गावातल्या प्रचारकांनी घराघरांत बैठका घेऊन केली. इव्हँजेलिकल मंडळी याचं श्रेय टेलरच्या प्रार्थनेला देतात, सरकार परकीय हाताला. ज्या बाईने पोलिसांची भीती बाजूला ठेवून घराचं दार उघडलं, तिचं श्रेय दोघेही गिळतात.

चेंगदूच्या एका घरगुती चर्चचे पाद्री वांग यी यांना २०१९ च्या डिसेंबरमध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली. त्यांची धार्मिक मतं मला पटत नाहीत, काही तर अजिबात नाहीत. पण इथल्या राज्याराज्यांतल्या धर्मांतरविरोधी कायद्यांविरुद्ध आपण मोर्चे काढतो आणि ‘चीन अमेरिकेला भिडतोय’ एवढ्यावर त्या तुरुंगाबद्दल गप्प बसतो. ते गप्प बसणं कोणत्या तत्त्वात बसतं, हे मित्रांनी मला समजावून सांगावं.