पळसनाथ ‘प्रकट’ होत नाही

१/ उन्हाळा कडक होतो, उजनीचा साठा उणे होतो, आणि इंदापूर तालुक्यातील पळसदेव येथे ‘प्राचीन मंदिर प्रकटले’ असे मथळे झळकतात. २०२४ मध्येही तेच घडले. हा शब्दच दिशाभूल करणारा आहे. मंदिर जागेवरच असते. हटते ते पाणी. आणि ते पाणी माणसांनी आणलेले आहे.

२/ भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. जुने पळसदेव बुडाले, नवे गाव पुणे-सोलापूर महामार्गालगत वसले. दगडी देह आणि विटांचे भूमिज शिखर असलेले पळसनाथाचे मंदिर मात्र जलाशयात मागे राहिले.

३/ त्याला ‘हेमाडपंती’ म्हटले की अनेकांचा अभ्यास संपतो. हेमाद्री पंडित हा तेराव्या शतकातील यादवांचा मंत्री. भूमिज शिखराची परंपरा त्याहून जुनी आहे: अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख इ. स. १०६० चा आहे. सरसकट चिकटवलेले नाव म्हणजे ज्ञान नव्हे.

४/ ‘धरण बांधताना असा विचार कोण करणार होते?’ हा बचाव टिकत नाही. नागार्जुनसागरात बुडणाऱ्या नागार्जुनकोंड्याचे उत्खनन १९५४ ते १९६० या काळात झाले आणि महत्त्वाचे अवशेष उंचावर हलवून पुन्हा उभारले गेले. उजनीच्या कितीतरी आधी ही वाट याच देशात मळलेली होती.

५/ तुर्कस्तानातील बर्गामाजवळचे अलियानोई हे उष्ण झऱ्यावरील रोमन स्नानगृह. सिंचनाच्या धरणासाठी २०१० मध्ये ते वाळूखाली झाकले गेले, मग त्यावर पाणी चढले. आता तेथे पाहण्यासारखे काही उरलेले नाही. तरीही १९९८ पासून चाललेल्या उत्खननामुळे त्याचा उत्खनन झालेला भाग कागदावर जिवंत आहे.

६/ याचा अर्थ उजनी नको होती, असा नव्हे. त्या पाण्यावर इंदापूर आणि सोलापूरची शेती उभी आहे. पण धरणाची गरज हे विस्मरणाचे समर्थन होऊ शकत नाही.

७/ अलियानोईला न मिळालेली संधी पळसनाथाला दर कोरड्या वर्षी मिळते. तिचे काय होते? शिखरावर चढून छायाचित्रे, विटांवर कोरलेली नावे, जागचे हललेले दगड. वारंवार भिजणाऱ्या-सुकणाऱ्या वीटकामाला आधीच एक शत्रू आहे. दुसऱ्याची आवश्यकता नाही.

८/ जाणाऱ्याने जरूर जावे. परंतु मोजपट्टी आणि वही घेऊन. चारही बाजूंची छायाचित्रे मोजपट्टीसह घ्यावीत, वीरगळ न हलवता त्यांच्या जागा टिपाव्यात, आधीच्या वर्षांच्या चित्रांशी पडझड ताडून पाहावी.

९/ पाऊस पडला की भीमा पुन्हा भरते. तिच्याबरोबर काय बुडते, हे मृगाच्या आधी किती नोंदले गेले यावर ठरते.